लख्ख पडद्यावरचा टच

छान दिसणं वेगळं आणि खरं दिसणं वेगळं, हे मी गेली कित्येक वर्षं घसा फोडून सांगते आहे आणि लोक मला हसत आले आहेत. हसोत बापडे. सिनेमातल्या नटीचा गाल मेणासारखा गुळगुळीत दिसला म्हणून कुणाचं काही बिघडत नव्हतं, तोवर मीही त्यांच्याबरोबर हसून घेत होते. पण त्याच गुळगुळीत चित्राने माझ्या भाचीला सगळ्या जिल्ह्यासमोर खोटारडी ठरवलं. तेव्हापासून माझं हसणं बंद झालं.

मी सुरेखा शेडगे. पुण्यात राहते. माझं काम लोकांना विचित्र वाटतं. एकच सिनेमा, एकच सामना मी तीन वाटांनी आलेला बघते: डिस्कवरून, अँटेनावरून येणाऱ्या प्रक्षेपणातून आणि इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगमधून. तीन पडदे शेजारी शेजारी लावते आणि कुठे अंधाराचा राखाडी चिखल होतो, कुठे गवतात चेंडूला शेपूट फुटतं, कुठे माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गायब होतात, ते एका मासिकात लिहिते. ओळखीचे लोक मला ‘चकतीवाली बाई’ म्हणतात, कारण माझा कौल बहुतेक वेळा डिस्कला जातो. आता डिस्क विकत घेणारं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे मासिकही शेवटच्या घटका मोजत आहे.

हे सगळं नीट कळायचं तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागेल. पूर्ण चित्र तुमच्या घरी कोणीच कधी पाठवत नव्हतं. ते फार जड असतं. मग चित्राचे बारीक चौकोन पाडायचे, मागच्या चित्रापेक्षा जेवढं बदललं तेवढंच पाठवायचं आणि डोळ्याला सहसा कळत नाही ते टाकून द्यायचं, अशी जुनी रीत होती. डिस्कवर जागा भरपूर, म्हणून टाकाटाक कमी. अँटेनाच्या प्रक्षेपणाची वाट अरुंद, म्हणून टाकाटाक जास्त. पडद्यावर एकदम धावपळ झाली की ती वाट पुरेनाशी होते आणि चौकोन चौकोन दिसायला लागतात. लोक त्या चौकोनांना शिव्या घालतात. मी कधी घातल्या नाहीत. चौकोन दिसले की ते यंत्र मला सांगत असतं, बाई, इथलं मला नीट पोचलेलं नाही, तू यावर विश्वास टाकू नकोस.

मग ‘लख्ख’ आलं. कंपनीचं नाव तेच, चित्राचंही तेच. लख्खचा कॅमेरा चित्र पाठवतच नाही. तो पाठवतो नुसते ठिपके: माणूस कुठे उभा आहे, कोपर कुठे, गुडघा कुठे, उजेड कुठल्या बाजूने येतो. घरच्या टीव्हीत एक शिकवून तयार केलेला चित्रकार बसवलेला असतो. त्याने आयुष्यभर सिनेमे, सामने, लग्नं, मिरवणुका यांशिवाय दुसरं काही पाहिलेलं नाही. ठिपके आले की रांगोळी घालणारी सराईत बाई जोडते तसे तो ते भराभर जोडतो आणि रंग भरतो. घामाचे थेंब, मॅटचा खरखरीतपणा, खेळाडूच्या दंडावरची लव, सगळं तो स्वतःच्या मनाने काढतो. दोन ठिपक्यांच्या मधे खरोखर काय होतं हे त्याला माहीत नसतं. अशा वेळी आजवर बहुतेकदा जे झालं तेच तो काढतो. आणि तो कधीही, कधीही चौकोन दाखवत नाही.

याला गुण कसे मिळतात तेही सांगते, कारण माझा सगळ्यात जास्त राग तिथे आहे. लोकांना दोन चित्रं दाखवतात आणि विचारतात, कुठलं चांगलं दिसतं? लोक लख्खकडे बोट दाखवतात. मीही दाखवलं असतं. कुठलं चित्र घडलं तसं आहे, हा प्रश्न त्या कागदावर नसतोच. अशा रीतीने लख्खला शंभरात सत्त्याण्णव मिळाले आणि डिस्क साठीच्या आसपास राहिली. मी यावर चार पानी लेख लिहिला. मासिकाच्या संपादकांनी तो ‘जरा जास्त झालंय’ म्हणून परत पाठवला.

आता माझ्या माहेरची गोष्ट. माझा थोरला भाऊ महिपती तासगावात मुलींना कबड्डी शिकवतो. सगळा तालुका त्याला आप्पा म्हणतो, मी दादा म्हणते. तरुणपणी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात चढाईपटूचं बोट त्याच्या पाठीला लागलं. पंचांना दिसलं नाही, प्रेक्षकांना दिसलं नाही, ज्याने लावलं त्यालासुद्धा कळलं नाही. दादाने हात वर केला आणि बाहेर जाऊन बसला. सामना गेला. पण हात वर करून चाललेल्या महिपतीचा फोटो आजही मंडळाच्या भिंतीवर आहे आणि नव्या मुलीला पकडी शिकवायच्या आधी तो फोटो दाखवतात. टच झाला की पंचाच्या आधी आपला हात वर, हा दादाच्या मंडळाचा पहिला धडा.

त्याची मुलगी वैजयंता, आजीचं नाव ठेवलेली, आमची वैजू. डाव्या कोपऱ्याची रक्षक. तिच्या घोट्याच्या पकडीतून सुटलेली मुलगी मी पाहिलेली नाही. कृष्णाकाठ करंडकाचा अंतिम सामना मिरजेत होता आणि तो झाला की तिची देशाच्या शिबिरासाठी निवड होणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. मी पुण्यात सवयीप्रमाणे दोन पडदे लावून बसले होते. एकावर लख्खचं स्ट्रीमिंग, दुसऱ्यावर अँटेनावरून येणारी सरकारी वाहिनी, तिचा स्वतःचा एक जुनाट कॅमेरा तिथे अजून होता.

शेवटची चढाई. दोन्ही संघ बरोबरीत. शिरोळची मुलगी आत शिरली, वैजूच्या कोपऱ्याकडे सरकली आणि एकदम खाली बसून तिने उजवा पाय लांबवला. वैजूने हात मागे ओढला. शिरोळची पोरगी मध्यरेषेकडे पळत ‘टच, टच’ म्हणून ओरडली. वैजू जागेवर उभी राहिली. तिचा हात खालीच होता. मॅटवरच्या पंचांनीही मान हलवली: टच नाही. शिरोळने रिव्ह्यू मागितला.

रिव्ह्यू बघणारे पंच बंगळूरमधल्या एका खोलीत बसतात आणि तुमच्या माझ्या घरी दिसतं तेच लख्ख चित्र बघतात. संकुलातल्या प्रचंड पडद्यावर तेच लागलं. पायाचा अंगठा आला आणि वैजूच्या मनगटाला लागला. मनगटाची कातडी किंचित दबलेलीसुद्धा दिसली. काय सुंदर चित्र होतं! मी झटकन दुसऱ्या पडद्याकडे पाहिलं. सरकारी वाहिनीवर नेमक्या त्या जागी चौकोनांचा गोंधळ उडाला होता, काही म्हणजे काही कळत नव्हतं.

आणि मग ते झालं, जे आमच्या दादाशिवाय जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं. बंगळूरहून निर्णय यायच्या आधीच बाकावर बसलेला माझा भाऊ उठला, पडद्याकडे बघत त्याने हात वर केला आणि मुलीच्या वतीने टच कबूल करून टाकला.

सामना एका गुणाने गेला. करंडकाच्या नियमाप्रमाणे प्रशिक्षकाने स्वतः कबूल केलेल्या गुणावर दाद मागता येत नाही. वर वैजूवर ‘खोटा नकार’ दिल्याचा ठपका आला आणि दोन हंगामांची बंदी. शिबिराचं दार बंद. त्या मनगटाचं चित्र मोबाइलवरून इतकं फिरलं की तासगावच्या भाजीवाल्याने वहिनीला विचारलं, “आप्पांची लेक असून असं कसं केलं ओ तिनं?”

मी तासगावला गेले तेव्हा घरात कोणी कुणाशी बोलत नव्हतं. वैजू माडीवर पडून होती. मला बघून उठून बसली, पण रडली नाही. रडून झालेलं होतं.

“आत्या, शिरोळच्या पोरीला वाटलं आसंल लागलं. ती पळत होती. पण मला कळणार न्हाई व्हय? माझा हात हाय. लागलं आसतं तर मी बाकाकडं बघायच्या आधीच हात वर केला आसता. त्यांनीच शिकवलंय मला.”

“मग दादाला सांग ना.”

“सांगितलं. ते म्हणले, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्यांनी पडदा बघितला, आत्या. मी धा पावलांवर हुबी हुते. माझ्याकडं बघितलं न्हाई त्यांनी.”

हे ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. मी ताडताड जिना उतरले. दादा अंगणात बसून सरावाच्या दोऱ्या सोडवत होता, खरं तर उगाच गुंतवत होता.

“दादा, तुझा कॅमेरा होता ना बाकामागं?”

दादा प्रत्येक सामना स्वतःच्या जुन्या कॅमेऱ्याने डिस्कवर घेतो. करंडकवाले प्रत्येक प्रशिक्षकाला सरावासाठी तेवढी मुभा देतात. मग तो मुलींना गोळा करून एकेक चित्र पुढे मागे करत चुका दाखवतो. ही सवय त्याला मीच लावली होती.

“कपाटात हाय. घिऊन जा,” तो म्हणाला. “मला बघायची गरज न्हाई.”

“का नाही?”

“सुरेखा, तू शिकलेली हाईस, तुझ्यासंगं वाद न्हाई घालायचा मला. पण मी सोन्यासारखं साफ बघितलंय. मनगट दबलेलं बघितलं. आता माझीच पोरगी हाय म्हणून डोळे मिटून घिऊ?”

“तू तिला विचारलंस का, लागलं का म्हणून?”

“इचारायचं काय त्यात? दिसलं की.”

मी दातओठ खात कपाट उघडलं. वैजूला खाली बोलावलं आणि दोघी टीव्हीसमोर बसलो. डिस्कवरचं चित्र लख्खच्या मानाने खरंच मातकट होतं. मागच्या दिव्यांमुळे चेहरे काळवंडलेले, रंग फिके, सगळीकडे बारीक मुंग्या. मी एकेक चित्र पुढे सरकवत गेले. पाय आला. हात मागे सरकला. अंगठा पुरा ताणला गेला. आणि अंगठा व मनगट यांच्या मधे मॅटचा पिवळा पट्टा दिसला. चांगला चार बोटं रुंद. पुढच्या चित्रात तो आणखी रुंद झाला होता.

वैजूने पडद्यावरच्या त्या पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “ह्येच,” ती म्हणाली. “ह्येच सांगत हुते मी.” मग मात्र तिला रडू आवरेना, आणि मला राग आवरेना.

मी दादाला हाका मारल्या. तो दारापर्यंत आला, पडद्याकडे ओझरतं पाहिलं आणि म्हणाला, “असल्या चित्रात काय दिसतंय? सगळं धुरकाट.” माझा सख्खा भाऊ! त्यालाही सुबक चित्र खरं वाटलं आणि मातकट चित्र खोटं वाटलं. मग परक्यांना काय बोल लावायचा?

बंदीविरुद्ध सुनावणी मिळाली. निकालाबद्दल बोलायचं नाही, फक्त बंदीबद्दल, असं बजावूनच त्यांनी बोलावलं. मिरजेच्या त्याच संकुलात समितीची खोली आहे, थंडगार, भिंतभर लख्ख पडदा लावलेली. अध्यक्ष ढमढेरे साहेब, त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन सदस्य, आणि कंपनीच्या वतीने राजाध्यक्ष नावाचा एक तरतरीत तरुण. प्रशिक्षक म्हणून दादाला यावंच लागलं. तो स्वतःच्या आणि लेकीच्या मधे मला बसवून खाली मान घालून बसला.

मी तिन्ही चित्रं दाखवली. आधी लख्ख. मग सरकारी वाहिनीचं, चौकोनांनी भरलेलं. मग डिस्क, आणि डिस्कवरचा तो पिवळा पट्टा.

राजाध्यक्ष गोड हसला. “मॅडम, तुमची मेहनत दिसते. पण समितीच्या नियमात स्पष्ट आहे. दोन चित्रांत विसंगती असेल तर ज्याचा दर्जा वरचा ते ग्राह्य. आमचं सत्त्याण्णव आहे. तुमच्या डिस्कचं मोजून घेतलं मी आता, अठ्ठावन्न आलंय. आणि त्या दुसऱ्याचं तर,” तो चौकोनांकडे बघून थांबला, “राहू दे.”

“तो दर्जा म्हणजे काय हो?” मी विचारलं. “छान दिसतं का, एवढंच ना मोजता तुम्ही?”

“प्रेक्षकांची पसंती मोजतो.”

“मग माझ्या भाचीच्या मनगटाला पाय लागला का नाही, हे प्रेक्षकांच्या पसंतीने ठरवणार?”

ढमढेरे साहेबांनी हात वर करून मला थोपवलं. “ताई, चिडू नका. आम्हाला जे स्वच्छ दिसतं त्यावरच जावं लागतं. तुमच्या डिस्कवर तो पट्टा पिवळा आहे का उजेड पडलाय, हे तरी कुठं कळतंय?”

“बरं, मूळ चित्र मागवा. कॅमेऱ्यात शिरलं ते.”

“मूळ असं काही नसतं,” राजाध्यक्ष शांतपणे म्हणाला. “कॅमेरा ठिपके बनवतो आणि बाकीचं तिथल्या तिथे टाकून देतो. साठवणार कुठे?”

म्हणजे बघा. घडलेली गोष्ट यांनी स्वतःच्या हाताने फेकून दिली, तिच्या जागी मनाने काढलेली ठेवली आणि आता ज्या डिस्कने खरी गोष्ट जपून ठेवली तिच्याकडेच हे पुरावा मागत होते. ओरडून उपयोग नव्हता, म्हणून मी घरून ठरवून आले होते तेच मागितलं.

“साहेब, एकच विनंती. शेजारच्या हॉलमध्ये मॅट आहे. तिथे लख्खचा कॅमेरा लावलेला आहे. तीच चढाई पुन्हा करून दाखवतो. तुम्ही इथेच बसा, पडद्यावर बघा. वैजू तिच्या कोपऱ्यात, आणि चढाईला आमचा दादा.”

दादाने चमकून वर पाहिलं. “मी? ह्या वयात?”

“तुझ्या पायाला अजून कळतं ना, लागलं का नाही ते?”

त्याला राग आला. पण उठला.

राजाध्यक्षाने कॅमेरा सुरू करून दिला. त्याचा स्वतःच्या मालावर इतका विश्वास होता की त्याने हौसेने सगळं जुळवून दिलं. समिती खोलीतच राहिली. मधलं दार मी मुद्दाम सताड उघडं ठेवलं. नुसती मान वळवली तरी त्यांना मॅट दिसलं असतं.

दादाने पँट दुमडली, मॅटला हात लावून कपाळाला लावला आणि आत आला. वैजू कोपऱ्यात वाकून उभी राहिली. सामन्यापासून बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते. आता बघावंच लागलं, कारण कबड्डीत समोरच्याच्या डोळ्यांतून डोळा काढता येत नाही.

“दादा,” मी हळूच म्हटलं, “पाय टाक, पण चार बोटं अलीकडे थांबव. टाच टेकव आणि हलू नकोस. वैजू, तूही हलायचं नाही.”

दादा सरकला, खाली बसला आणि पाय लांबवला. वय झालं तरी काय सुरेख पाय टाकला माझ्या भावाने! अंगठा वैजूच्या मनगटापाशी आला आणि चार बोटं अलीकडे जागच्या जागी थांबला.

आणि आतून तिघांचा एकदम आवाज आला. “टच!”

दादाने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग मुलीच्या मनगटाकडे. मग उघड्या दारातून भिंतभर पडद्याकडे. तिथे त्याचा अंगठा वैजूच्या मनगटावर चांगला टेकलेला होता. कातडी दबली होती. त्याच्या अंगठ्याचं फुटकं नखसुद्धा तिथे साफ, गुलाबी झालं होतं.

“न्हाई लागला,” दादा म्हणाला. मग मोठ्याने, “ओ साहेब, न्हाई लागला! माझा पाय हाय!”

“दिसतोय की लागलेला,” आतून एक सदस्य म्हणाले. ते अजून पडद्याकडेच बघत होते. सगळेच पडद्याकडे बघत होते. दहा पावलांवर दोन जिवंत माणसं होती, मधे उघडं दार होतं आणि एकानेही मान वळवली नाही.

मी मॅटवर गुडघे टेकले. माझ्या हातात दादाची ती डिस्क होती. मी ती उभी धरून त्याच्या अंगठ्याच्या आणि वैजूच्या मनगटाच्या मधून अलगद सरकवली. कुणालाही न लागता ती आरपार गेली.

“आता काय दिसतंय साहेब?” मी विचारलं.

“तुम्ही मॅटवर हात टेकलाय,” ढमढेरे साहेब म्हणाले.

“हातात काय आहे?”

“काही नाही.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. लख्खच्या चित्रकाराला चकती म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याला शिकवलं तेव्हा चकत्या जगातून उठत आल्या होत्या. जे ठाऊक नाही ते त्याने काढलंच नाही.

“साहेब,” मी ओरडले, “अहो, मान वळवा! इकडे बघा, इकडे! आम्ही इथे आहोत!”

ढमढेरे साहेबांनी मान वळवली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि ते दारातून मॅटपाशी आले. बराच वेळ ते दादाच्या पायाकडे, वैजूच्या हाताकडे आणि मधल्या चकतीकडे बघत राहिले. मग मागे वळून दारातून आतला पडदा पाहिला. चेहरा उतरला होता. मागून दोन्ही सदस्य आले. राजाध्यक्ष सगळ्यात शेवटी आला, पण त्याचा चेहरा तसाच तरतरीत होता.

“ही मर्यादा आम्हाला माहीत आहे,” तो म्हणाला. “दोन ठिपके फार जवळ आले की स्पर्श आहे का नाही ते ठिपक्यांवरून कळत नाही. मग जे जास्त संभवतं ते काढलं जातं. रक्षकाच्या इतक्या जवळ पाय आला की बहुतेक वेळा लागतोच.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“करारात लिहिलंय मॅडम. चित्र केवळ मनोरंजनासाठी आहे. त्यावर निर्णय घ्या असं आम्ही कुणालाच सांगितलेलं नाही.”

खरं सांगते, त्या क्षणी ती डिस्क माझ्या हातून त्याच्या डोक्यात बसली असती. दादाची नसती तर बसलीच असती.

ढमढेरे साहेबांनी घसा साफ केला. “हे बघा, प्रकार गंभीर आहे. समिती विचार करेल. तूर्त संशयाचा फायदा देऊन बंदी मागे घेऊ. मुलगी शिबिराला जाऊ दे. पण निकाल तसाच राहील. तो गुण आम्ही दिलेला नाही.” त्यांनी दादाकडे पाहिलं. “तो आप्पांनी स्वतः कबूल केलाय.”

सगळे दादाकडे बघायला लागले. तो अजून तसाच, पाय लांबवून बसलेला होता. हात टेकत टेकत उठला. वैजूसमोर उभा राहिला.

मग त्याने हात वर केला.

कोणी टच मागितला नव्हता. पंच नव्हता, शिट्टी नव्हती. तो हात वर करून मॅटभर चालत गेला, रेषेच्या बाहेर पडला आणि बाद झालेले गडी बसतात त्या जागी मांडी घालून बसला.

“मी बाद हाय, वैजू,” तो म्हणाला. “इचारायला पायजे हुतं तुला.”

मला वाटलं, आता पोरगी धावत जाईल. पण वैजू हलली नाही. तिने मनगट दुसऱ्या हाताने एकदा चोळलं, जणू तिथे खरंच काही लागलं होतं.

“बसा तितंच, आप्पा,” ती म्हणाली. “आमचा गेलेला गुण परत मिळाला, की जिवंत करीन तुम्हाला.”

मग ती ढमढेरे साहेबांकडे वळली. “साहेब, संशयाचा फायदा मला नको. मी खोटं बोलले न्हाई, तसं लिहा. आणि शिरोळला दिलेला तो गुण परत घ्या. कबुली चुकली म्हणून सांगायला आप्पा हितंच बसल्यात.”

“अगं, नियमात तसं बसत नाही.”

“मग नियम बघा काय करायचा ते. तवर आम्ही हितनं हलत न्हाई.”

असं म्हणून ती पुन्हा आपल्या डाव्या कोपऱ्यात गेली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि चढाईची वाट बघत असल्यासारखी समितीकडे बघत उभी राहिली. ढमढेरे साहेबांनी सवयीने मान वळवून पडद्याकडे पाहिलं, आणि मी पुढे होऊन मधलं दार लावून घेतलं. आता त्यांना आमच्याकडेच बघावं लागणार होतं. रेषेबाहेर दादा मांडी घालून बसला होता. त्याचा हात अजून वरच होता.